सोसायटीत चेक बंद, सगळं ॲपवर: ज्येष्ठांवर अन्याय की उगाच आरडाओरडा?

मानपाडा_बी_विंग
आमच्या सोसायटीने (घोडबंदर रोड, ठाणे) एप्रिलपासून मेंटेनन्सचे चेक घेणं बंद करायचं ठरवलंय. पैसे फक्त ॲपवरून भरायचे. गेटवरही तेच: कुरिअरवाला, कामवाली, पाहुणा, कोणीही आलं की मोबाइलवर विचारणा येणार आणि आपण 'हो' दाबलं तरच वॉचमन सोडणार. वार्षिक सभेत यावरून दणकून भांडण झालं. ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं, हा आमच्यावर अन्याय आहे.

मला नाही तसं वाटत. यूपीआय २०१६ साली आलं. तेव्हा पासष्टीचे असलेले आज पंचाहत्तरीला टेकलेत, म्हणजे शिकायला दहा वर्षं मिळाली. गावदेवी मार्केटमध्ये त्यांच्याच वयाच्या भाजीवाल्या मावशी क्यूआर कोड लावून बसतात. पहाटे सगळ्या ग्रुपवर फुलांचे फोटो टाकता येतात, रील बघता येतात, मग पैसे भरतानाच 'आम्हाला काय जमतं' कुठून येतं? जमत नाही असं नाही, गरज पडत नाही. कारण मुलगा-सून आहेत ना! मीटिंग सोडून आईला ओटीपीचं काय करायचं ते मी सांगते. आणि चेक गोळा करणं, बँकेत भरणं, परत आलेल्यांच्या मागे लागणं हे सगळं खजिनदार रविवारी फुकटात करतो. त्याच्यावरच्या अन्यायाचं काय?

नौपाड्याची_सून
फुलांचा फोटो चुकीच्या ग्रुपवर गेला तर हसं होतं. पैसे चुकीच्या जागी गेले तर पेन्शन जाते. दोन्ही एकच कसं?

माझ्या सासऱ्यांना 'तुमच्या नावाने पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय' असा व्हिडिओ कॉल आला होता. असली अटक कायद्यात नाहीच, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्येसुद्धा सांगितलं होतं, सासऱ्यांनी ते ऐकलंही होतं. तरी समोर खाकी कपड्यातला माणूस दिसल्यावर त्यांचे हात कापत होते. मी घरात होते म्हणून फोन बंद केला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवलं. तेव्हापासून ते घरातलं वाय-फायच बंद करून झोपतात. त्यांना आळशी म्हणायची माझी हिंमत नाही.

वाशीकर_९
भीती वाटते म्हणून व्यवहारच नको? चेकवरही खोट्या सह्या होतातच की. उलट भीती जाते ती वापरून. पैसे *घ्यायला* पिन टाकावा लागत नाही, एवढी एक गोष्ट डोक्यात बसली तरी निम्मे ठग हात हलवत परत जातात.

ज्यांना खरंच नको त्यांच्यासाठी २०२४ पासून यूपीआय सर्कल आहे. मुलाने आईवडिलांना आपल्या खात्याला जोडायचं आणि महिन्याची मर्यादा ठरवायची, १५,००० रुपयांपर्यंत. त्यांना फक्त स्कॅन करायचं. विषय संपला.

कोपरीची_मुग्धा
@वाशीकर_९ संपला नाही. सर्कलमध्ये पैसे मुलाच्या खात्यातून जातात. जन्मभर नोकरी करून स्वतःची पेन्शन घेणाऱ्या बाईने वाण्याकडे दूध घेताना मुलाला दिसेल असा खर्च करायचा? आई महिन्यात किती वेळा वडापाव खाते हे मला कळायची काही गरज नाही, आणि तिलाही मला कळू द्यायचं नाहीये.

निवृत्त_नेरुळ
वय ७६. मी टेलिफोन खात्यातला, १९८६ साली एमटीएनएल झालं तेव्हा आम्ही तिकडे गेलो. कामाला लागलो स्ट्रोजर एक्सचेंजमध्ये, खटखट करत वरखाली फिरणारे स्विच. ते जाऊन क्रॉसबार आलं, मग इलेक्ट्रॉनिक. दर वेळी हाताला बसलेलं सोडून नवं शिकलो. तेव्हा म्हाताऱ्यांना बदल झेपत नाही हे कृपया मला सांगू नका.

फरक कुठे आहे ते ऐका. तेव्हा खातं ट्रेनिंगला पाठवायचं, भरपगारी. हातात मॅन्युअल असायचं, चुकलं तर शेजारी सीनियर असायचा. आणि एकदा शिकलेलं वर्षानुवर्षं पुरायचं. आता मी मुलीकडून बँकेचं ॲप शिकून घेतलं, वहीत पायऱ्या लिहिल्या, पाच-सहा महिने छान चाललं. एके दिवशी ॲप अपडेट झालं. वर डावीकडे असलेलं 'ट्रान्सफर' खाली कुठल्याशा चार ठिपक्यांच्या चित्रात गेलं. माझी वही रद्दीत. मुलगी म्हणते, बाबा, सगळं तेच आहे, फक्त दिसायला बदललंय. अगं, मला दिसण्यावरूनच तर कळतं!

मानपाडावाल्या ताई, तुमची दहा वर्षं अशी जातात. आम्ही शिकत नाही असं नाही, शिकलेलं आमच्याकडे टिकू दिलं जात नाही.

जे नीट केलंय त्याला मी नावं ठेवत नाही. हयातीचा दाखला २०१४ पासून 'जीवन प्रमाण'वर देता येतो. माझ्या बोटांच्या रेषा झिजल्यात, मशीन ठसा घेईना. दर नोव्हेंबरला बँकेत अंगठा पुसून पुसून दाबायचा. २०२१ पासून चेहऱ्यावर चालतं. फोनसमोर डोळे मिचकावले की काम झालं, घरबसल्या. ते मी एका फटक्यात शिकलो. आणि ज्याला तेही नको, त्याचा कागदी दाखला बँक अजून घेते. सरकारी कारभाराला दोन्ही वाटा ठेवता येतात, मग दोन विंगच्या सोसायटीला का नाही?

मानपाडा_बी_विंग
काका, अपडेटचा मुद्दा पटला. पण बँकेच्या काउंटरवरचा माणूस पगारी असतो, आमचा खजिनदार नाही. दुसरी वाट चालू ठेवायची तर तिथे कोणीतरी बसावं लागतं.

डोंबिवली_लोकल
रेल्वेने यावर बरा तोडगा काढलाय. स्टेशनवर तिकिटाची मशीन लावली आणि त्यावर कमिशनने माणसं नेमली, बरीचशी रेल्वेतूनच निवृत्त झालेली. म्हणजे ज्यांना मशीन जमत नाही असं आपण म्हणतो, त्यांच्याच वयाचे लोक रांगेतल्या तरुणांना तिकीट काढून देतात. (आणि झरझर देतात. मी स्वतः मशीनवर गेलो की मागचे खवळतात.)

निवृत्त_नेरुळ
आमच्याकडे मी वर्षाचा एकच चेक आगाऊ देतो. खजिनदाराला त्रास एकदाच. ज्याला तेवढी रक्कम एकदम जड जाते त्याने शाखेत जाऊन स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्यावी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम बँकच वळती करते, त्याला स्मार्टफोनही लागत नाही.

मानपाडा_बी_विंग
इन्स्ट्रक्शन आमच्याकडे जमणार नाही. उन्हाळ्यात टँकर लागले की रक्कम बदलते. घोडबंदर रोडला पाण्याचं काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. आगाऊ चेक चालेल, फरक नंतर घेऊ. कमिटीत मांडते. पण गेटवर ॲपच राहणार.

नौपाड्याची_सून
का? इंटरकॉम आहे ना? आजी अंघोळीला गेल्या, फोन दुसऱ्या खोलीत, विचारणा येऊन गेली, आणि औषधं घेऊन आलेला मुलगा खाली ताटकळत उभा. इंटरकॉम निदान वाजत तरी राहतो.

मानपाडा_बी_विंग
इंटरकॉमच्या देखभालीचं कंत्राट दर वर्षी महाग होतंय. ते वाचवायलाच तर ॲप घेतलं.

कोपरीची_मुग्धा
म्हणजे ज्येष्ठांनी काळाबरोबर चालावं वगैरे काही नव्हतं, कंत्राटाचे पैसे वाचवायचे होते. तसं सभेत सांगायचं सरळ.

मानपाडा_बी_विंग
सांगितलं होतं. मेंटेनन्स कमी होणार म्हटल्यावर तेव्हा एकानेही हरकत घेतली नाही, ज्येष्ठांनीसुद्धा.