पीएचपीत मराठी शीर्षके मध्येच तुटतात. कोणती फंक्शने वापरावीत?

गिरगावचा_वाचक: नमस्कार. गिरगावातील एका वाचनालयाची ग्रंथसूची मी पीएचपी या वेब-प्रोग्रामिंग भाषेत तयार करत आहे. कार्डावर जागा कमी असल्याने शीर्षक 'सबस्टर' (मजकुराचा तुकडा कापणारे फंक्शन) वापरून 30 वर छाटतो, तेव्हा काही शीर्षकांच्या शेवटी काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह उमटते आणि काही मात्र व्यवस्थित दिसतात. शिवाय 'गिऱ्हाईक' हा शब्द शोधला असता नोंद कधी सापडते, कधी नाही. सर्वत्र 'एमबी' (बाइटऐवजी चिन्हे मोजणारी) फंक्शने वापरणे पुरेसे होईल का?

परळ_प्रोग्रामर: नाही. 'सबस्टर' बाइट मोजते आणि यूटीएफ-8 या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटचे असते. रिकामी जागा मात्र 1 बाइटची असल्यामुळे तिसाव्या बाइटवरची कात्री कधी दोन चिन्हांच्या मध्ये पडते, तर कधी चिन्हाच्या पोटात. काहीच शीर्षके बिघडण्याचे कारण हेच. 'मुंबई' हा शब्द 'स्ट्रलेन'च्या हिशेबी 15 बाइट, 'एमबी_स्ट्रलेन'च्या हिशेबी 5 चिन्हे आणि 'ग्राफीम_स्ट्रलेन'च्या हिशेबी 3 अक्षरे भरतो. वाचणाऱ्याला तीनच अक्षरे दिसतात, म्हणून छाटण्यासाठी 'ग्राफीम_सबस्टर' घ्यावे. 'एमबी_सबस्टर'ने प्रश्नचिन्ह जाईल, पण 'मुं'चा नुसता 'म' उरू शकेल. जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम युनिकोडमध्ये 2023 साली, 15.1 या आवृत्तीत आला, त्यामुळे सर्व्हरवरील आयसीयू (युनिकोडचे नियम राबवणारी लायब्ररी) जुने असल्यास 'त्र'सुद्धा दोन मोजला जातो. खरे तर प्रश्न केवळ दिसण्याचा असेल, तर छाटणी सीएसएसवर (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेवर) सोपवलेली मला अधिक पसंत आहे.

दादर_पूर्व: वरील 'ग्राफीम' फंक्शनांसाठी 'इंटल' हे पीएचपीचे एक्स्टेन्शन लागते, स्वस्त होस्टिंगवर ते सुरू आहे का, हे आधी पाहावे.

शोधाचा दोष निराळा आहे. 'ऱ्ह' दोन प्रकारे टंकित होतो: कोणी 'ऱ' घेऊन हलन्त देतो, तर कोणी साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे 200डी या युनिकोड क्रमांकाचे न दिसणारे जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसले तरी बाइट वेगळे असतात. 'नॉर्मलायझर' (एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एकसारखी करणारा) चालवल्यास 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळून एक 'ऱ' होतो, पण जोडचिन्हाचा प्रकार त्याच्या कक्षेत येत नाही. तो 'स्ट्र_रिप्लेस'ने स्वतःच बदलावा लागतो, आणि तोही नोंद साठवताना व शोधशब्द घेताना, अशा दोन्ही ठिकाणी.

गिरगावचा_वाचक: दोघांचेही आभार. आधीच भरलेल्या नोंदींचे काय करावे?

दादर_पूर्व: बॅकअप घेऊन तोच बदल सर्व नोंदींवर एकदा चालवावा, अन्यथा नव्या शोधशब्दाला जुन्या नोंदी सापडणार नाहीत.