मदत हवी आहे : विंडोज ११ साठी अपग्रेड करावे की सर्व पुसून नव्याने टाकावे?

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळ माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रांची पत्रके आणि दशावतारी नाटकांच्या जाहिराती ही मुख्य कामे. दुकानातील संगणकावर अजून विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा सपोर्ट संपला, तेव्हा मी वाढीव सुरक्षा-अपडेटसाठी नोंदणी केली. परंतु ती मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ रोजी संपते. आषाढात काम कमी असते आणि एकदा गणपती जवळ आले की मान वर करायला सवड मिळत नाही, म्हणून विंडोज ११ वर आताच जायचे हे नक्की आहे. प्रश्न आहे तो कोणत्या मार्गाने जायचे, याचा.

प्रोसेसर आठव्या पिढीचा आय-५, रॅम ८ जीबी, हार्ड डिस्क १ टीबीची जुनी, फिरती. संगणक विंडोज ११ साठी योग्य आहे का हे तपासणारा पीसी हेल्थ चेक सिक्युअर बूटपाशी (सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीपाशी) अडतो आणि सिस्टम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडपुढे (संगणक कोणत्या पद्धतीने सुरू होतो, त्यापुढे) ‘लेगसी’, म्हणजे जुनी पद्धत, असे दिसते. संगणक फारच मंद झाल्यामुळे डिस्क फॉरमॅट करावी, असे येथील दुरुस्तीवाले सांगतात. मात्र माझी जुनी सर्व पत्रके पेजमेकर या जुन्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये आहेत, मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर (परवान्यासाठी संगणकाला जोडून ठेवायच्या किल्लीवर) चालते, आणि दोन्हींच्या मूळ सीडींना बुरशी लागली आहे (आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या टिकल्या असत्या तरच नवल). फॉरमॅटनंतर हे पुन्हा बसवता आले नाही तर काय करावे? आणि केवळ अपग्रेड केले तर मंदपणा तसाच राहील का?

प्रतिसाद

आपल्या बाबतीत फॉरमॅट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोजच्या परवान्याची चिंता नाही. डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेले असल्याने नव्याने टाकल्यावरही ते आपोआप लागू होते. पण पेजमेकर आणि लॉकचे सॉफ्टवेअर परत आणून देणारे कोणी नाही. मंदपणाचे मूळ बहुधा फिरत्या डिस्कमध्ये आहे, आणि त्याच डिस्कवर कितीही स्वच्छ विंडोज टाकले तरी काही महिन्यांत आपण पुन्हा तेथेच याल.

म्हणून आधी एक एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्यावी, जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत तिच्यावर उतरवावी आणि जुनी डिस्क काढून कोरड्या डब्यात ठेवावी. पुढील सर्व उद्योग प्रतीवर करावेत. ‘लेगसी’ दिसते याचा अर्थ विंडोज एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर आहे. विंडोज १० मध्येच असलेल्या एमबीआरटूजीपीटी या कमांडने डेटा न पुसता डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची करता येते. आधी तिच्यातील पडताळणी चालवावी, कारण तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य विभाग) असतील तर ती नकार देते. त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय (‘लेगसी’च्या जागची नवी पद्धत), सिक्युअर बूट आणि इंटेलचे पीटीटी सुरू करावे. विंडोज ११ ला लागणाऱ्या टीपीएम २.० या सुरक्षा-सोयीची अट पीटीटीनेच पूर्ण होते. मग अपग्रेड. पसंत न पडल्यास दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून मागे फिरता येते, आणि तेही न जमल्यास डब्यातली डिस्क आहेच; ती लावताना बायोस पुन्हा लेगसीवर न्यावे लागेल, एवढेच.

अपग्रेडनंतर लॉक चालला नाही, तर विंडोजच्या सुरक्षा-सेटिंग्जमध्ये कोअर आयसोलेशनखालील मेमरी इंटिग्रिटी सुरू आहे का, ते पाहावे. तिच्यामुळे जुने ड्रायव्हर अडतात.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. माझा सर्व डेटा सुमारे ३०० जीबी भरतो. ५०० जीबीची एसएसडी पुरेल का?

प्रतिसाद

पुरेल, मात्र प्रत काढणारे सॉफ्टवेअर लहान डिस्कवर पार्टिशन आक्रसून उतरवणारे हवे. आणि सध्या आपल्या भागात वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्याने, डिस्क जीपीटी करण्यापूर्वी यूपीएसची बॅटरी किती वेळ तग धरते हे एकदा तपासून घ्यावे.