मुनस्यारीची संध्याकाळ: बर्फ जळतोय, काय चुकतंय?

खटाटोपे
मंडळी, गेल्या नोव्हेंबरात मुनस्यारीला (पिथौरागड जिल्हा, उत्तराखंड) तीन संध्याकाळी नंदादेवीच्या देवळापाशी ट्रायपॉड लावून उभा होतो. समोर पंचाचुलीची पाचही शिखरं, ढगाचा ठिपका नाही. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा, ७०-३०० मिमी झूम लेन्स. जिथे तिथे वाचलं होतं, बर्फ असला की एक्स्पोजर प्लस दीड करा (म्हणजे कॅमेरा ठरवतो त्याहून दीड स्टॉप जास्त उजेड घ्या), नाहीतर राखाडी येतो. केलं. दुपारचे फोटो झकास आले. पण शिखरं लाल झाली नेमके तेव्हाचे सगळे वाया. शिखराच्या जागी पिवळट ठिगळ, ना कडे, ना घळी. शेजारी उभं राहून मेव्हण्याने फोनवर काढलेला फोटो आता त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लागलाय, आणि दर भेटीत मला तो दाखवला जातो. यंदा परत चाललोय. चुकलं काय?

आळशी_कासव
रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल, नंतर दुरुस्त करता येते) काढले होते का? जेपेग असतील तर विसरा. आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचं सेटिंग) ऑटोवर नको, लाली धुऊन काढतो. डेलाइटवर ठेवा.

रोलवाले_काका
कासवराव, बरोबर, पण यांचं दुखणं वेगळं आहे.

मी मिरजेत तीस वर्षं लग्नाचे फोटो काढले, त्यातली निम्मी लग्नं रोलवर. खटाटोपे, प्लस दीड हा दुपारचा हिशेब. चौकट पांढऱ्याने भरली की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर त्याला मधला राखाडी धरतं आणि उजेड कापतं, म्हणून आपण वाढवायचा. संध्याकाळी तुमच्या चौकटीत काय होतं ते आठवा. गोरीगंगेचं खोरं केव्हाच सावलीत गेलेलं, अलीकडचं रान काळं, ऊन काय ते वर बोटभर शिखरांवर. मीटरला दिसला अंधार. त्याने आपणहून उजेड वाढवला, वर तुमचा प्लस दीड!

हॉलचे दिवे घालवून एकट्या नवरीवर फोकस सोडतात, तेच हे. तिथे ऑटोवर फोटो काढला की नवरीला नाक उरत नाही. एका वधूपित्याने यावरून मला भर मांडवात झाडलं होतं, म्हणून इतकं पक्कं लक्षात आहे.

तेव्हा शिखरं लालसर व्हायला लागली की एक्स्पोजरचं चाक उलटं फिरवा. मायनस एकपासून सुरुवात करा, खोरं जास्त घेतलं असेल तर आणखी खाली जा. स्पॉट मीटर (चौकटीतला एकच ठिपका मोजणारं) थेट उन्हातल्या बर्फावर धरत असाल तर मात्र प्लस एक लागेलच, कारण तेव्हा त्याला बर्फाशिवाय काही दिसत नाही. आणि हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) लाल, हिरवा, निळा असा तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. एकत्र आलेख मध्यावर असतो आणि लाल गुपचूप उजव्या भिंतीला टेकलेला, म्हणजे त्यातला तपशील गेलेला. लाल आधी संपतो, हिरवा मागून चढत राहतो, त्याचंच ते पिवळट ठिगळ.

खोरं काळं येईल, येऊ द्या. सावलीतला बर्फ निळा येईल, तोही 'सुधारू' नका. त्याच्यावर उजेड निळ्या आभाळाचाच पडलेला असतो.

आणखी एक. लाली गेली की लोक गाशा गुंडाळून चहाला पळतात. शिखरं राखेसारखी होतात, पण थांबा. मागे क्षितिजालगत निळसर करडा पट्टा चढतो, ती पृथ्वीचीच सावली, आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. त्या वेळी बर्फावर फिकी गुलाबी झाक परत येते. मला तरी लालभडक फोटोंपेक्षा तीच आवडते. तेव्हा शटर जास्त वेळ उघडं राहतं, म्हणून ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरणारी सोय) बंद करा.

खटाटोपे
काका, डोक्यात प्रकाश पडला. किती वाजता जाऊन उभं राहू?

कुमाऊं_फिरस्ती
नोव्हेंबरच्या मध्यात तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त, म्हणजे पुण्याच्या पाऊण तास आधी. पुण्याच्या घड्याळाने चहा प्यायलात तर हुकलं. चारलाच जागेवर असा. हॉटेलवाले सनराइजसाठी उठवतील, पण पंचाचुली पूर्वेकडे आहे. सूर्य तिच्या मागून येतो, दिसते नुसती काळी कड. खुशाल झोपा. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

अवांतर: त्या चुली म्हणजे आपल्याच चुली बरं का. स्वर्गाला निघालेल्या पांडवांनी शेवटचं जेवण तिथे रांधलं म्हणतात. संध्याकाळी ते पाच निखारे बघितले की खरंच वाटतं.

खटाटोपे
मुनस्यारीला अजून वेळ आहे, म्हणून आज गच्चीवरून समोरच्या बिल्डिंगची पांढरी पाण्याची टाकी धरली. गल्ली सावलीत, शेवटचं ऊन फक्त टाकीवर. शून्यावर टाकी म्हणजे नुसता पांढरा डाग. मायनस एक पूर्णांक एक तृतीयांशवर टाकीवरची अक्षरं, गंजाचे ओघळ आणि झाकणावर बसलेला कावळा, सगळं आलं. मेव्हण्याला पाठवला. "हा कुठला डोंगर?" म्हणाला.