नुसता लूप उलटा केला तर प्रोग्राम एवढा रखडतोय का?

मिरज_लोकल:
सेकंड इयरला आहे, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनचा पेपर तोंडावर आलाय. सी मध्ये 4096 बाय 4096 चा इंट अ‍ॅरे घेतला (आधी मेनच्या आत घेतलेला तर सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्राम मध्येच बंद, बाहेर ग्लोबल केल्यावर चालला) आणि सगळ्याची बेरीज केली. एकदा ओळीनं, मग लूपची अदलाबदल करून कॉलमनं. उत्तर तेच, पण कॉलमवाला पाच-सहा पट वेळ खातोय. सरांना विचारलं तर कॅशे म्हणाले आणि पुढच्या टॉपिकवर गेले. रॅम म्हणजे रँडम अ‍ॅक्सेस ना, मग कुठनंही उचललं तर काय बिघडतंय?

हळदीचा_धंदा:
आमचं सांगलीत मार्केट यार्डात दुकान आहे म्हणून तिथलंच सांगतो. गोदामातनं हमाल चिमूटभर हळद आणत नाही, पोतंच आणतो. प्रोसेसरचं तसंच, त्याच्याजवळ कॅशे म्हणजे छोटी पण वेगवान मेमरी असते. 4 बाइटचा एक इंट मागितला तरी बहुतेक मशीनवर रॅममधनं 64 बाइटची अख्खी लाइन तिच्यात येते, म्हणजे 16 इंट. सी मध्ये ओळ सलग ठेवलेली असते त्यामुळं ओळीनं गेलास तर एका खेपेत 16 भागतात. कॉलमनं गेलास की पुढचा आकडा 16 केबी लांब, परत नवं पोतं. बरं दुसऱ्या कॉलमला पहिलं पोतं कामाला आलं असतं, पण एका कॉलमला 4096 लाइनी लागतात आणि 32 केबीच्या एल-वन मध्ये (प्रोसेसरच्या सगळ्यात जवळची कॅशे) मावतात 512. तोवर ते कधीच उचलून टाकलेलं असतंय.

जुना_बॅकलॉग:
बरोबर, पण 4096 हा आकडाच वांड आहे भावा. दोनाची घात असल्यामुळं त्या कॉलमच्या सगळ्या लाइनी कॅशेच्या एकाच सेटवर, म्हणजे एकाच कप्प्यावर येऊन भांडतात, 8 वे म्हणजे कप्प्यात 8 लाइनींची जागा असेल तर 512 लांबच, 8 च राहतात. ओळीची लांबी 4112 कर, बेरीज 4096 चीच ठेव आणि टाइम बघ. आणि ओ-थ्री (प्रोग्राम वेगवान करायचा कंपायलरचा पर्याय) लावू नको, जीसीसी कंपायलर कधीकधी स्वतःच लूप फिरवून टाकतो मग फरकच दिसत नाही, मी अख्खी रात्र घालवलेली त्यात.

हळदीचा_धंदा:
फोर्ट्रानला हेच सगळं उलटं, तिथं कॉलम सलग असतो.

मिरज_लोकल:
4112 केलं, वेळ निम्म्यावर आला की! पण मेनच्या आत का फुटत होतं ते राहिलंच.

जुना_बॅकलॉग:
अरे अ‍ॅरे 64 एमबीचा झाला, मेनच्या आतला अ‍ॅरे स्टॅक नावाच्या मेमरीच्या भागात जातो, आणि लिनक्सवर स्टॅक बहुतेक 8 एमबीच असतो. कसा मावणार?