मदत हवी आहे: कोषातून फुलपाखराऐवजी माशीच्या अळ्या निघाल्या

रुईवरून प्लेन टायगर फुलपाखराच्या 5 अळ्या आणून वाढवतेय, त्यातल्या दोघींचे कोष झाले पण त्यांच्यावर तपकिरी डाग पडले आणि काल बघते तर कोषाला बारीक भोक, त्यातून चिकट पांढरा दोरा लोंबतोय आणि खाली तांदळाएवढ्या अळ्या वळवळतायत! आज त्यांच्या लालसर तपकिरी कॅप्सूल झाल्यात. टॅकिनिड माशीच असणार (हिच्या अळ्या दुसऱ्या किड्यांच्या अंगात वाढतात). या माशीच्या काही जातींची अंडी पानासोबतच अळीच्या पोटात जातात, मग पानं नीट धुऊन दिली तर फरक पडतो का, की फुलपाखराची अंडी असतानाच आणून जाळीत ठेवायची? माशीचे कोष मी फेकले नाहीयेत, तीही निसर्गातलीच, पण उरलेल्या 3 अळ्यांसाठी जीव तुटतोय, त्यांच्यात माशी आहे का हे बाहेरून ओळखता येतं का? प्लीज सांगा.