मदत हवी आहे: डोक्याला लावतात त्या मशीनचा आकडा वाढलाय, आईला हलवू का?

निपाणीचा_पोरगा: आई बेळगावात आयसीयूत आहे. रोज सकाळी डॉक्टर कानाच्या पुढं जेली लावून पेनासारखं काहीतरी दाबून धरतात, मशीन सूं सूं करतंय. परवा ९०, काल ११०, आज १६५. विचारलं तर "वाढलंय, बघू" म्हणून पुढच्या बेडकडं. वाढलंय म्हणजे रक्त जास्त जायलंय, मग चांगलंच की? पण त्यांचं तोंड बघून तसं वाटंना. कोल्हापूरला हलवू का? दोन वाजता भेटायची वेळ आहे, त्याआधी सांगा कुणीतरी.

घटप्रभा_काठ: ॲडमिट कशासाठी? स्ट्रोक का ॲक्सिडेंट? कितवा दिवस?

निपाणीचा_पोरगा: सांगितलं की, मेंदूतली शीर फुगून फुटली. मांडीतनं तार घालून कॉइल बसवलीय, आज सातवा दिवस.

घटप्रभा_काठ: कुठं सांगितलंस बाबा, वर जाऊन वाच.

चिकोडी_एक्स्प्रेस: आमच्या मामांचं असंच झालेलं. सरळ सीटी अँजिओ, शिरेत डाय म्हणजे रंगद्रव्य सोडून काढतात तो स्कॅन, करा म्हणून बसा. हे डॉप्लर, ते जेलीवालं मशीन, म्हणजे अंदाजपंचे.

सिस्टर_नाईटड्यूटी: अंदाजपंचे कसं हो? व्हेंटिलेटर, चार पंप सगळं घेऊन पेशंट रोज खाली सीटीला न्यायचा, वर डायचा भार किडनीवर, हे करून बघा एकदा. हे तपासणं बेडवरच होतं. १९८२ पासून आहे, आस्लिड म्हणून माणसानं सुरू केलं. कानपट्टीचं हाड पातळ असतं तिथनं आवाजाच्या लहरी आत जातात. काहींचं, त्यातून वयस्कर बायकांचं, हाड जाड असतं, मग सिग्नलच मिळत नाही. प्रोब धरणारा हातही सरावाचा लागतो.
पोरा, तो आकडा रक्ताचा नाही, वेगाचा आहे, सेकंदाला सेंटिमीटर. नळाच्या पाईपचं तोंड बोटानं दाबलं की पाणी लांब उडतं पण बादली भरते का? तसं. शीर आवळली की वेग वाढतो. १२० च्या वर लक्ष ठेवतात, २०० च्या वर गंभीर. आणि चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत हाच धोका.

चिकोडी_एक्स्प्रेस: म्हणजे माझंच बरोबर, अँजिओ लागणारच.

सिस्टर_नाईटड्यूटी: लागेलही. पण ताप असला, हिमोग्लोबिन कमी असलं तरी वेग वाढतो, म्हणून मेंदूतल्या शिरेचा वेग मानेतल्या शिरेच्या वेगानं भागून बघतात. ३ च्या वर गेलं तर आवळलीय असं धरतात. ते गुणोत्तर विचार. आणि निमोडिपिन, ह्याच धोक्यासाठी देतात ते औषध, दर चार तासाला चाललंय का? आई कालपेक्षा सुस्त आहे का, एखादा हात कमी हलवते का, ते सगळ्यात आधी सांग त्यांना. अशा वेळी कोल्हापूरपर्यंत ॲम्ब्युलन्समध्ये घालू नको उगाच.

सीमावासी_८६५: महाराष्ट्राची महात्मा फुले योजना, दवाखान्याच्या खर्चाची, आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केलीय २०२३ ला. निपाणी त्यात येतं का बघून घे, पैसे वाचतील.

घटप्रभा_काठ: त्यानं पैशाचं विचारलंय का?

सीमावासी_८६५: बिल आल्यावर विचारंल.

निपाणीचा_पोरगा: जाऊन आलो. गुणोत्तर ४.१, डावीकडचं. निमोडिपिन चालू आहे. आईला बोट दाब म्हटलं तर डाव्या हातानं दाबलं, उजव्यानं नुसती बोटं हलली, काल दोन्हीनं दाबत होती. मी ते सांगितल्यावर डॉक्टर लगेच आत गेले, बीपी थोडं वर ठेवणार म्हणाले आणि संध्याकाळी अँजिओ. सहीचा फॉर्म कन्नडमध्ये होता, शेजारच्या बेडवाल्या आज्जीच्या नातवानं वाचून दाखवला. हलवत नाही. कानपट्टीवर जेली वाळून पांढरी झालेली, ती तेवढी पुसून आलो.

चिकोडी_एक्स्प्रेस: बोललेलो ना अँजिओ.

सीमावासी_८६५: रेशनकार्ड कुठलं आहे ते सांग की.