मदत हवी आहे : १८ वर्षांवरील भावाचं कायदेशीर पालकत्व आणि अडलेलं बँक खातं

भाऊ २४ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता ७५ टक्के. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. तो लहान असताना बाबांनी पालक म्हणून त्याचं खातं उघडलं होतं. आता बाबा नाहीत आणि बँक व्यवहार करू देत नाही. सही म्हणून तो नावाचं पहिलं अक्षर ओढतो, तेही दर वेळी वेगळं.

१९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते, म्हणून आईच्या नावाने तिथे अर्ज दिला आहे. पण शाखेत म्हणतात, कोर्टाचाच आदेश आणा. समितीचं प्रमाणपत्र ग्राह्य धरावं असं रिझर्व्ह बँकेचं २००७चं परिपत्रक आहे. त्याची प्रत दिली, तर "वर विचारतो" म्हणाले. ते 'वर' नेमकं कुठे, देव जाणे!

यूडीआयडी कार्ड दाखवा, आईचं नाव जोडून संयुक्त खातं करा, हे सल्ले कृपया नकोत. दोन्ही करून पाहिलं. कोर्टात जायला हरकत नाही, पण ते शेवटी.

खरी अडचण पुढची. आई सत्तरीची आहे, तब्येत बरी नसते. तिच्यानंतर मीच बघणार, पण मी लग्नानंतर दुसऱ्या जिल्ह्यात असते. सुनावणी अजून व्हायची आहे, म्हणजे अर्ज बदलता येईल असं वाटतं.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा : आई हयात असताना समिती बहिणीला पालक नेमते का, की आधी आई आणि नंतर पुन्हा नवा अर्ज? आणि तो अर्ज भावाच्या जिल्ह्यात करायचा की माझ्या?